थंडीनं गेलेली झाडं: न्यू जर्सीच्या बागेत मार्च ते जून काय करायचं

२०२३च्या मे महिन्यातला पहिला शनिवार. मागच्या अंगणात जिथे दर ऑगस्टला ताटाएवढी फुलं येतात, त्या जास्वंदीच्या जागी बोटभर जाडीच्या सहा-सात वाळक्या काड्या उभ्या होत्या. शेजारचे हॉस्टा वर आले होते, पिओनी गुडघाभर झाली होती, जास्वंद मात्र गप्प. डिसेंबरच्या कडाक्यात गेली असणार, असं धरून मी फावडं लावलं आणि वर पाय दिला. कर्रकन आवाज आला. माती हातानं बाजूला केली, तर मनगटाएवढ्या गड्ड्यावर तांबूस, टोकदार पाच कोंब बसलेले होते, जमिनीच्या जेमतेम दोन इंच खाली. त्यातले तीन मी मोडले होते. आणखी तीन आठवडे थांबले असते, तर ते आपले आपण वर आले असते.

तेव्हापासून मी मे संपेपर्यंत कुठल्याही झाडाला मेलेलं म्हणत नाही, आणि दुसऱ्यांनाही म्हणू देत नाही. एप्रिल उजाडला की ओळखीच्या घरांतून फोन येतात, ‘अगं, सगळं गेलं आमचं, उपटून टाकू का?’ आपल्याकडे पळस-पांगारा निष्पर्ण होतात, पण फांद्या तरी डोळ्यांसमोर असतात. इथली बरीचशी बहुवर्षायू फुलझाडं जमिनीच्या वर काहीच ठेवत नाहीत. ती वागतात हळदीसारखी. हळदीचा पाला वाळला म्हणून कुणी हळद मेली म्हणत नाही. गड्डा खाली आहे हे माहीत असतं. सुरण, कळलावी यांचंही तेच. हे एवढं मनात ठेवलं तरी निम्मी झाडं वाचतात.

पुढच्या तारखा मध्य न्यू जर्सीच्या आहेत: एडिसन, प्रिन्स्टन, ब्रिजवॉटरचा पट्टा. शिकागो, बॉस्टन, टोरांटोकडच्यांनी आठवडा-दोन आठवडे पुढे धरावं. तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, कारण इथल्या रोपांच्या चिठ्ठीवर तेच छापलेलं असतं.

आधी समजून घ्या, झाड मेलं कशानं

रोपाच्या चिठ्ठीवर झोनचा आकडा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा नकाशा २०१२ नंतर २०२३च्या नोव्हेंबरमध्ये नव्यानं निघाला. १९९१ ते २०२० या तीस वर्षांत दर हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र किती उतरली, त्याची सरासरी म्हणजे तो झोन. झोन ७ए म्हणजे ० ते ५ अंश, सेल्सिअसमध्ये उणे १८ ते उणे १५. सरासरी म्हटल्यावर काही हिवाळे त्याच्या खालीही जाणारच. म्हणून ‘झोन ७ला चालतं’ असं लिहिलेलं झाड झोन ७मध्ये काठावर जगत असतं. मी स्वतः एक-दोन झोन जास्त थंडीचं, म्हणजे ६ किंवा ५चं रोप घेते.

पण निव्वळ पारा खाली गेल्यानं मेलेली झाडं माझ्या बागेत तरी थोडीच. २०२२च्या २३ डिसेंबरचंच घ्या. सकाळी पाऊस होता, पारा पन्नासच्या घरात होता, आणि मध्यरात्रीपर्यंत तो दहाच्या आसपास आला. झाडाला थंडीची तयारी करायला आठवडे लागतात. पेशींतलं पाणी कमी होतं, साखर वाढते, मग ते गोठणं सहन करतं. एका दिवसात चाळीस अंश उतरले, की ती तयारी अपुरी पडते. त्यात त्यानंतरचा जानेवारी विलक्षण उबदार गेला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा कडाका आला, आणि १८ मेला उशिराचा फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडून ईशान्येकडच्या द्राक्षबागा, सफरचंदाच्या बागा पोळल्या. सरासरी काढली तर तो हिवाळा सौम्य होता. झाडांना मारलं ते या वरखाली होण्यानं.

दुसरं मोठं कारण म्हणजे ओल. आमच्याकडची माती चिकण आणि तांबडी. डिसेंबर-जानेवारीत तिच्यात पाणी साचून राहतं, रात्री गोठतं, दुपारी वितळतं, आणि झाडाचा गड्डा त्या गार चिखलात कुजतो. लॅव्हेंडर, गेलार्डिया, बटरफ्लाय वीड ही थंडीनं जात नाहीत, पाय ओले राहिल्यानं जातात.

तिसरं, माती गोठून फुगते आणि झाडाला वर ढकलते. शरदात लावलेल्या, मूळ न धरलेल्या रोपांचं हे नेहमी होतं. मुळं उघडी पडतात, वाऱ्यानं वाळतात. बर्फाचा जाड थर असेल तर हे होत नाही, कारण भुसभुशीत बर्फात हवाच जास्त असते आणि तो दुलईसारखं काम करतो. बर्फाच्या हिवाळ्याला आपण भितो. झाडांना भीती उघड्या जमिनीच्या कोरड्या थंडीची.

उरलेले दोन शत्रू म्हणजे रस्त्यावरचं मीठ आणि व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदीर. व्होल बर्फाखालून बोगदे करतो आणि हॉस्टाची मुळं साफ खातो. मार्चमध्ये बर्फ गेल्यावर हिरवळीवर बोटभर खोल, वळणावळणाच्या वाटा दिसल्या, तर तो येऊन गेला असं समजा.

मार्च: बघा, पण हात लावू नका

मार्चच्या पहिल्या उबदार रविवारी खुरपं घेऊन बाहेर पळावंसं वाटतं. थांबा. मूठभर माती दाबून बघा. चिकट गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला नाही, तर वाफ्यात पाय ठेवू नका. ओल्या चिकण मातीवर चाललं की ती विटेसारखी दबते, आणि मग आधीच अशक्त झालेल्या झाडाला श्वासही घेता येत नाही.

या महिन्यात कामं मोजकीच. वर ढकललेली रोपं तळव्यानं हळूच दाबून बसवा. पायानं नको, मुळं तुटतात. बसत नसतील तर भोवती दोन मुठी माती-कंपोस्ट लावून मुळं झाकून टाका, नीट लावणं एप्रिलमध्ये करू. ड्राइव्ह-वेच्या कडेच्या वाफ्यात मीठ गेलं असेल, तर जमीन मोकळी झाल्याबरोबर भरपूर पाणी सोडून ते मुळांच्या खाली धुवून काढा, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. हेलेबोरची करपलेली जुनी पानं कळ्या दिसताच तळातून कापा. नवी लगेच येतात.

वाळक्या काड्या मात्र राहू द्या. पोकळ काड्यांत इथल्या स्थानिक मधमाश्या थंडी काढतात. दिवसाचं तापमान सलग पन्नासच्या वर टिकायला लागल्यावर कापा, आणि तेव्हाही फूट-दीड फुटाचे बुंधे ठेवा. ते नव्या पानांत झाकले जातात, आणि झाड कुठे आहे याची खूणही राहते.

एप्रिल: तीन तपासण्या

पहिली नखाची. लाकडी खोडाच्या झाडांना ही लागू पडते: गुलाब, हायड्रेंजिया, लॅव्हेंडर, बटरफ्लाय बुश, अंजीर. फांदीच्या शेंड्याकडून सुरुवात करून अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर तिथपर्यंत जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर चार बोटं खाली जाऊन पुन्हा खरवडा. असं करत जमिनीपर्यंत जा. हिरवं जिथे लागेल तिथे दोरा बांधून ठेवा, कापू नका अजून. एका फांदीवरून झाडाचा निकाल लावायचा नाही. चार दिशांच्या चार फांद्या बघा. उत्तरेकडची बाजू मेलेली आणि दक्षिणेची हिरवी, असं नेहमी असतं.

दुसरी अंगठ्याची. वर काहीच न ठेवणाऱ्या झाडांसाठी. खुरप्यानं नको, बोटांनी गड्ड्यावरची माती इंच-दीड इंच सारा आणि अंगठ्यानं दाबा. कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागला तर ठीक. मऊ, पाणचट लागला, दाबल्यावर बोट आत गेलं, आंबूस वास आला, तर तो भाग कुजला. पण गड्डा पूर्ण कुजलाय की एकच बाजू, हे बघा. पुष्कळदा मधला जुना भाग गेलेला असतो आणि कडेला करंगळीच्या नखाएवढे फिकट डोळे शाबूत असतात. बघून झालं की माती परत ओढून घ्या; उघडा डोळा एका रात्रीत पोळतो.

तिसरी ओढून बघण्याची. झाडाचा तळ धरून अगदी हलकेच वर ओढा. खाली धरून ठेवल्यासारखं वाटलं, तर मुळं आहेत. हलणाऱ्या दाढेसारखं सैल वाटलं, तर ते वर ढकललं गेलंय किंवा व्होलनं खालून खाल्लंय. हॉस्टाचा अख्खा झुपका हातात येतो आणि खाली मुळांच्या जागी कुरतडलेले खुंट असतात, तेव्हा वाईट वाटतं. पण तेवढ्या तुकड्यावर एक जरी डोळा असेल, तर कुंडीत लावा. माझ्याकडे असे दोन तुकडे आज पुन्हा दोन फुटांचे झालेत.

उशिरा उठणारी मंडळी

या झाडांपाशी मी आता नोव्हेंबरातच बांबूची काडी खोचून ठेवते, म्हणजे एप्रिलच्या घाईत फावडं लागत नाही.

इथली जास्वंद, म्हणजे हार्डी हिबिस्कस, मेच्या मध्यानंतर वर येते. गार वसंतात जून उजाडतो. ती मुळात न्यू जर्सीच्या पाणथळ जागांचीच रहिवासी आहे, थंडीनं सहसा मरत नाही. तिला माती तापलेली लागते, एवढंच. एकदा निघाली की दिवसाला इंच-इंच वाढते. रुईच्या कुळातलं बटरफ्लाय वीड मेच्या सुरुवातीला दिसतं. त्याचं सोटमूळ खोल असतं, म्हणून उकरून तपासायचंच नाही, मूळ तुटलं तर खरोखर जातं. बलून फ्लॉवरचे कोंब शतावरीसारखे बारीक आणि ठिसूळ असतात. आपल्या चित्रकाची नातेवाईक असलेली निळी बुटकी प्लंबॅगो मेपर्यंत मेल्यासारखी पडून असते. क्रेप मर्टल ही तामणाची चुलत बहीण. तिच्या फांद्या मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोरड्या लाकडासारख्या दिसतात आणि मग आठ दिवसांत भरतात. रशियन सेज आणि बटरफ्लाय बुशही मेमध्येच.

याउलट हॉस्टा, पिओनी, कोनफ्लॉवर, डेलिली मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिसली नाहीत, तर काळजी करायला हरकत नाही. अंगठ्याची तपासणी करा.

झाडागणिक उपाय

*शेवंती.* आपल्या लोकांच्या घरी ही हमखास मरते, आणि दोष थंडीचा नसतो. सप्टेंबरात दुकानासमोर गच्च फुललेल्या शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात. नवरात्र-दिवाळीला आपण हौसेनं आणतो, फुलं ओसरली की नोव्हेंबरात जमिनीत लावतो. त्या रोपाची सगळी ताकद फुलांत गेलेली असते, मुळं कुंडीच्या आकारातच गोल फिरलेली असतात, आणि नवी मुळं धरायला दोन आठवडेही मिळत नाहीत. पहिल्या गोठण्या-वितळण्यात ते वर येतं. मी सलग चार वर्षं हेच करत होते. एका मोठ्या रोपवाटिकेत तर ‘बहुवर्षायू’ असं ठसठशीत लिहिलेली सहा रोपं घेतली होती, त्यातलं एकही परतलं नाही.

जुनी शेवंती असेल तर एप्रिलच्या मध्याला वाळक्या काड्यांच्या मुळाशी बघा. काड्यांच्या आत काही नसेल, पण बाहेरच्या कडेला बोटभर उंचीचे, राखी-हिरव्या पानांचे फुटवे असतात. मधला मेलेला लाकडी भाग फेकून द्या, कडेचे फुटवे मुळांसकट काढून एकेक फूट अंतरावर लावा. सहा इंच झाले की शेंडा खुडा, आणि ४ जुलैपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी खुडत राहा; मग झुडूप भरतं आणि गणपती उलटून गेल्यावर, दसऱ्याच्या सुमारास फुलायला लागतं. नवी घ्यायची तर रोप वसंतात आणा. शेफील्ड पिंक ही जात माझ्याकडे अनेक हिवाळे टिकलेली आहे. तिच्या वाळक्या काड्या हिवाळाभर तशाच ठेवायच्या, त्याच तिचं पांघरूण.

*गुलाब.* फॉर्सिथियाची पिवळी फुलं आली की गुलाबाची छाटणी, हा इथला जुना ठोकताळा आणि तो चुकत नाही. फांदी कापून आतला गाभा बघा. पांढरा किंवा दुधाळ असेल तर जिवंत; तपकिरी असेल तर आणखी खाली कापा, गाभा पांढरा लागेपर्यंत. कधी कधी जमिनीपासून चार इंचच उरतं. उरू द्या, जूनमध्ये फूल येईल.

खरी अडचण कलमी गुलाबाची. डोळा भरलेल्या जागेच्या, म्हणजे त्या गाठीच्या वरचं सगळं मेलं आणि खालून तरारून फुटवे आले, तर ते तुमच्या गुलाबाचे नाहीत. आपल्याकडे गावठी खुंटावर कलम करतात, तसा इथे बहुतेकदा डॉ. ह्यूई नावाचा खुंट असतो. त्याला जूनमध्ये एकदाच गडद लाल, छोटी फुलं येतात. ‘आमचा पिवळा गुलाब थंडीनं लाल झाला’ असं कुणी म्हटलं की समजावं, पिवळा गेला. तिथे नवं झाड लावा, आणि गाठ जमिनीच्या दोन इंच खाली जाईल असं लावा.

*हायड्रेंजिया.* निळ्या-गुलाबी गोल गुच्छांची जात पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच जुन्या फांदीवर धरते. म्हणून थंडीनं फांदी मेली की झाड तळातून जोरात फुटतं, पानं भरघोस, आणि फूल एकही नाही. हे झाड आजारी नाही. मेच्या मध्यापर्यंत थांबा, फांदीवर खालून वर बघत जा, जिथे हिरव्या पानांची शेवटची जोडी असेल तिच्या जरा वर कापा. सरसकट जमिनीलगत कापलं, तर उरल्यासुरल्या कळ्याही जातील. पांढऱ्या, टोकदार गुच्छांची पॅनिक्युलाटा आणि ॲनाबेल या नव्या फुटीवर फुलतात. दर दोन वर्षांनी फुलं गमावून कंटाळला असाल, तर त्याच लावा.

*लॅव्हेंडर.* राखी पडलेल्या झुडपाला मेपूर्वी कात्री लावू नका. जुन्या लाकडावर हिरवे ठिपके दिसले, तर त्यांच्या वर कापा. पानं नसलेल्या लाकडात कापलं तर तिथून फूट येत नाही. अर्ध्याहून अधिक झाड मेलं असेल तर मी वाचवायच्या फंदात पडत नाही, कारण ते पुढे वेडंवाकडंच राहतं. नवं लावताना जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंच ढीग करून त्यावर लावा. चिकण मातीत नुसती वाळू मिसळू नका, त्याची गच होते; कंपोस्ट आणि बारीक खडी घाला. आमच्या दमट उन्हाळ्याला फिनॉमिनल ही जात चांगली तोंड देते.

*ह्यूकेरा.* हिचा तळ दरवर्षी आपोआपच वर सरकतो आणि लाकडी मान दिसायला लागते. थंडीत तीच मान सुकते. एप्रिलच्या शेवटी झाड काढा, मान पानांच्या खालपर्यंत मातीत जाईल असं पुन्हा लावा. नव्या मुळ्या त्या मानेतूनच निघतात.

कढीपत्ता, मोगरा, घरातली लाल जास्वंद यांची गोष्ट निराळी. ती इथे बाहेर जगणारच नाहीत, पण खिडकीपाशी हिवाळा काढून पानं गाळून बसली असतील, तर नखाची तपासणी त्यांनाही लागू. साल हिरवी असेल तर पाणी कमी ठेवा आणि रात्री पन्नासच्या वर जाईपर्यंत बाहेर नेऊ नका. नेल्यावर आठवडाभर सावलीत, मग उन्हात. थेट उन्हात ठेवला तर कढीपत्त्याची नवी पानं दोन दिवसांत पांढरी पडतात.

जगलेल्या पण अशक्त झाडाची सेवा

इथे प्रेमापोटी चूक होते. झाड कसंबसं दोन पानं काढतं आणि आपण मूठभर खत टाकतो. नत्र मिळालं की ते मुळं सोडून पानांच्या मागे लागतं, कोवळी फूट येते आणि उरलेला साठाही संपतो. आजारातून उठलेल्या माणसाला आपण आधी पेज देतो, तसं करा. भोवती इंचभर कुजलेलं कंपोस्ट, गड्ड्याला न चिकटवता, आणि बास. नवी पानं पूर्ण उघडून चार-सहा इंच वाढ झाल्यावर हवं तर सौम्य खत.

पाणी ठरवताना मातीत बोट घाला. दोन इंच खाली कोरडं लागलं तर द्या. मुळं कमी झालेलं झाड जास्त पाणी पिऊ शकत नाही, आणि एप्रिलचा वारा त्याला कोरडंही पाडतो. म्हणून आठवड्याचा ठरावीक वार नको, बोट हवं.

त्या वर्षी पहिल्या कळ्या खुडा. फार जीवावर येतं, पण एक हंगाम फुलांविना गेला तर गड्डा भरतो.

अर्धवट कुजलेलं झाड जागेवर ठेवू नका. काढा, मुळं धुवा, मऊ काळा भाग धारदार चाकूनं पांढरं घट्ट लागेपर्यंत कापा, दर कापाला चाकू स्पिरिटनं पुसा. तासभर सावलीत वाळू द्या आणि भुसभुशीत मिश्रणाच्या कुंडीत लावून सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा ठिकाणी ठेवा. माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीशी अशा कुंड्यांची रांग असते. दोन महिने तिथे, मग सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा वाफ्यात.

मेचा फ्रॉस्ट

कोंब निघाले म्हणजे सुटलो असं नाही. आमच्याकडे शेवटचा फ्रॉस्ट एप्रिलअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत कधीही पडतो. रात्रीचा अंदाज ३६च्या खाली, आकाश निरभ्र, वारा बंद, असं दिसलं की सूर्य मावळायच्या आत झाकायचं, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. झाकायला जुन्या सुती साड्यांसारखं दुसरं काही नाही. हलक्या असतात, कोंब मोडत नाहीत, एका साडीत अख्खा वाफा झाकला जातो. कडा दगडांनी जमिनीला टेकवा, नाहीतर ऊब निसटते. प्लास्टिक पानाला टेकलं तर तिथेच पोळतं, ते नको. सकाळी ऊन आलं की काढून घ्या. माती कोरडी असेल तर दुपारीच पाणी द्या. ओली माती जास्त ऊब धरते.

माहेरी निफाडकडे द्राक्षबागेत थंडीच्या रात्री शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. आई फोनवर म्हणते, ‘तुमच्याकडे साड्या नेसवतात होय झाडांना!’ तत्त्व एकच आहे: ऊब रात्रभर घडाजवळ, कोंबाजवळ धरून ठेवायची.

काढायचंच ठरलं तर

१५ जून ही माझी तारीख. तोवर नखाला हिरवं नाही, अंगठ्याला घट्ट नाही, तर झाड गेलं. मधल्या काळात ओकीबोकी जागा डोळ्यांत खुपते, म्हणून मी मेच्या मध्याला झेंडूचं बी कडेकडेनं टाकते. झाड उशिरा उठलंच तर झेंडू उपटता येतो.

झाड काढल्यावर त्याच जागी तेच झाड लगेच लावू नका. आधी खड्डा विचारा. फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा, निचरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल, तर जागाच वाईट आहे. तिथे पाणी सोसणारी जास्वंद लावा आणि मेलेल्याची जात उंच वाफ्यात न्या. मुळं खाल्लेली दिसली तर व्होलसाठी पाव इंचाच्या तारेच्या जाळीची टोपली करून तिच्यात लावा. रस्त्याकडेचं मेलं असेल तर रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासून घ्या. क्षार किती आहेत ते सांगा म्हणून वेगळं कळवावं लागतं. पावती जपली असेल, तर रोपवाटिकेत विचारा. झुडपांना वर्षभराची हमी बरेच जण देतात.

पुढच्या हिवाळ्याची तयारी ऑगस्टातच

ऑगस्टच्या मध्यानंतर खत बंद. कोवळी फूट थंडीत सापडता कामा नये. नवी रोपं सप्टेंबरात लावा, ऑक्टोबरच्या मध्याला थांबा. शरद कोरडा गेला तर जमीन गोठेपर्यंत पाणी देत राहा. तहानलेलं झाड थंडी कमी सोसतं.

कुंडीतल्या झाडाच्या मुळांना जमिनीची ऊब नसते, म्हणून तिथे झोनपेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारं झाड हवं, किंवा कुंडी गॅरेजमध्ये न्यायची आणि महिन्यातून एकदा पेलाभर पाणी. अंजीर जमिनीत असेल तर इथल्या जुन्या इटालियन घरांची पद्धत बघा: फांद्या दोरीनं आवळून पोत्यात गुंडाळतात, वरून ताडपत्री, काही जण तर एका बाजूची मुळं सैल करून अख्खं झाड आडवं मातीत निजवतात.

आच्छादनाची वेळ बहुतेकांची चुकते. नोव्हेंबरात उबदार जमिनीवर जाड थर घातला की उंदरांचं घर होतं. जमीन गोठल्यावर, म्हणजे डिसेंबरअखेर-जानेवारीत घालायचं, कारण गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी, तिनं वरखाली होऊ नये, हा हेतू. ओकची पानं उत्तम. मेपलची पानं ओली होऊन थापल्यासारखी बसतात, ती आधी बारीक करून घ्या. थर दोन-तीन इंच, खोडापासून चार बोटं दूर.

आणि सगळ्यात चांगलं आच्छादन फुकट मिळतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरोघरचे ख्रिसमस ट्री रस्त्याच्या कडेला येतात. मी गल्लीतले तीन-चार ओढत आणते, फांद्या कापते आणि शेवंती, ह्यूकेरा, नव्या रोपांवर आडव्या-उभ्या रचते. वारा अडतो, ऊन अडतं, हवा खेळती राहते, बर्फ धरून ठेवला जातो. मार्चअखेरीला एकेक थर काढायचा, एकदम नाही. फांद्या उचलताना खाली कोंब असू शकतात, म्हणून ते काम फावड्यानं नाही, हातानं.